ऑपरेशननंतरचे पहिले चोवीस तास: वॉर्डात पेशंट कसा तपासायचा

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल नर्सिंग सुरू होतं. पुस्तकात प्रत्येक आजाराचं वेगळं प्रकरण असतं. वॉर्डात मात्र ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) ट्रॉली येते, मदतनीस मामा आणि मावशी पेशंटला बेडवर घेतात, केसपेपर तुमच्या हातात येतो आणि आता आधी काय करायचं हे कुठल्याच प्रकरणात सापडत नाही. हा लेख त्या प्रसंगासाठी आहे. ऑपरेशन हर्नियाचं असो, अपेंडिक्सचं असो की फुटलेल्या आतड्याचं, पहिल्या चोवीस तासांतलं निरीक्षण जवळजवळ सारखंच असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ऑपरेशननंतर बिघडणारे बहुतेक पेशंट अचानक बिघडत नाहीत. काही तास आधीपासून त्यांचा श्वास बदललेला असतो, नाडी चढत असते, लघवी कमी होत असते. एकेक आकडा सुटा पाहिला तर तो ‘ठीक’ वाटतो. तीन आकडे शेजारी ठेवले की ते कुठे चाललेत ते दिसतं. हे बघणं डॉक्टरांच्या राउंडमध्ये होत नाही. दर तासाला बेडजवळ जाणाऱ्या माणसालाच ते जमतं, आणि ते माणूस तुम्ही आहात.

पेशंट यायच्या आधी

ओटीतून फोन आला की बेडची तयारी करा. पांघरूण एका बाजूला गुंडाळून ठेवा, म्हणजे ट्रॉली लागली की पेशंट सरळ बेडवर घेता येतो. सलाईनचा स्टँड, किडनी ट्रे, बीपीचं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर हाताशी हवेत. ऑक्सिजनचं फ्लोमीटर उघडून बघा, सक्शन लावून नळी हातावर ओढते का ते बघा. मशीन जागेवर आहे आणि मशीन चालतंय, यात फरक आहे. पेशंटला उलटी होऊन घशात घरघर सुरू झाल्यावर सक्शन बंद निघालं तर हातात मिनिटं उरत नाहीत. इमर्जन्सी ट्रे कुठे आहे आणि त्यात ॲम्ब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) व मास्क आहे का, हे ड्युटी सुरू होतानाच पाहून ठेवा.

ओव्हर घेताना काय विचारायचं

ओटीतून किंवा रिकव्हरीतून आलेल्या सिस्टरांकडून ओव्हर, म्हणजे पेशंटची सगळी माहिती, घेताना घाई करू नका. त्या घाईत असल्या तरीही. नाव, वय आणि केसपेपरवरचा नंबर हातातल्या पट्टीशी जुळवून घ्या. मग एवढं विचारा: ऑपरेशन नेमकं कोणतं झालं, भूल पूर्ण दिली की स्पायनल (पाठीत सुई देऊन फक्त कमरेखाली), रक्त अंदाजे किती गेलं, आत किती सलाईन गेलं, रक्त चढवलं का, लघवी किती झाली. दुखण्याचं शेवटचं औषध कोणतं आणि किती वाजता दिलं, हे तर विचारायलाच हवं. वॉर्डात आल्यावर पेशंट ‘दुखतंय’ म्हणतो आणि कुणी दुसरा डोस द्यायला जातं. पहिला डोस अर्ध्या तासापूर्वीच गेलेला असतो.

ॲलर्जी विचारा. साखर, बीपी, दमा, हृदयाचा त्रास आहे का विचारा. नळ्या किती ते स्वतः मोजा: नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब, ऑपरेशनच्या जागेचं पाणी बाहेर काढणारा ड्रेन, लघवीचं कॅथेटर, सलाईनची आयव्ही लाइन. प्रत्येक नळी पेशंटपासून पिशवीपर्यंत हाताने चाचपत जा. अंगाखाली दबलेली, पीळ पडलेली, क्लॅम्प तसाच राहिलेली नळी अशीच सापडते. आणि पोस्ट-ऑप ऑर्डर लेखी आहेत ना, ते ओटीची माणसं निघून जायच्या आत बघा.

पहिली पाच मिनिटं

बीपीचा कफ बांधायच्या आधी पेशंटकडे बघा. त्याला नावाने हाक मारा: “काका, ऑपरेशन झालं तुमचं. वॉर्डात आलात. डोळे उघडा बघू. काही त्रास होतोय का?” या एका वाक्यातून बरंच कळतं. नीट उत्तर दिलं म्हणजे श्वासमार्ग मोकळा आहे, बोलण्याइतका श्वास आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर क्रमाने जा. आधी श्वासमार्ग. भुलीच्या अंमलात घोरणं म्हणजे गाढ झोप समजू नका. जीभ मागे पडून वाट अर्धी बंद होतेय, असा त्याचा अर्थ आहे. हनुवटी वर उचला, कुशीवर वळवा, तोंडात काही असेल तर सक्शन करा, आणि हे करत असतानाच मोठ्याने मदत मागा. मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, आणि शेवटी पांघरूण बाजूला करून संपूर्ण अंग. क्रम मोडू नका. जखमेकडे लक्ष लगेच जातं, पण माणूस श्वासावाचून जखमेपेक्षा लवकर जातो.

शुद्ध तपासायला चार पायऱ्या पुरतात: पूर्ण जागा, हाकेला प्रतिसाद, वेदनेला प्रतिसाद, प्रतिसाद नाही. यात एक पाचवी गोष्ट धरा, नव्याने आलेला गोंधळ. आत्तापर्यंत नीट बोलणाऱ्या आजी अचानक ‘मला शेतात जायचंय’ म्हणून उठायला लागल्या तर त्याला वयाचा दोष समजून सोडू नका. ऑक्सिजन कमी पडणं, रक्तस्राव, साखर उतरणं, तुंबलेली लघवी आणि वेदना ही पाच कारणं आधी तपासा. अस्वस्थ पेशंटला बांधून ठेवणं किंवा झोपेचं इंजेक्शन मागणं हे त्या तपासणीच्या आधी होता कामा नये.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा

या भागावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट उघडा. बऱ्याच वॉर्डांत सगळ्या पेशंटचा श्वास १८ किंवा २० लिहिलेला दिसेल. इतके सगळे पेशंट एकाच वेगाने श्वास घेत नसतात. श्वास मोजायला कुठलं मशीन नसतं, म्हणून तो अंदाजाने लिहिला जातो. आणि बिघाडाची पहिली खूण बहुतेक वेळा त्याच रकान्यात उमटते.

नाडी मोजल्यावर मनगट सोडू नका. पेशंटचा हात त्याच्या छातीवर किंवा पोटावर ठेवा, तुमची बोटं नाडीवरच राहू द्या आणि नजर छातीवर. आता घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. श्वास मोजतोय असं कळलं की माणूस नकळत त्याचा वेग बदलतो, म्हणून ही रीत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. एका श्वासाची चूक झाली तर उत्तरात चारचा फरक पडतो.

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. आकड्याबरोबर तो श्वास कसा आहे तेही बघा: उथळ आहे का, दोन्ही बाजू सारख्या हलतात का, मान आणि बरगड्यांमधली जागा ओढली जातेय का, एका दमात वाक्य पूर्ण होतंय का. पोटाच्या ऑपरेशननंतर दुखतं म्हणून पेशंट उथळ श्वास घेतो, आणि मग फुप्फुसांचे तळ मिटायला लागतात. अशा पेशंटला आधी दुखणं कमी करून द्यावं लागतं. त्यानंतर उशी टाक्यांवर दाबून धरून खोल श्वास आणि खोकला शिकवायचा.

पल्स ऑक्सिमीटरवर विसंबताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. गार बोटं, गडद नेलपॉलिश, काळी मेंदी यांनी आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर यंत्र कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतं. ओठ आणि जीभ निळसर दिसताहेत का हे डोळ्यांनी बघणं म्हणूनच सुटत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ऑक्सिजन चालू असलेल्या पेशंटचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९८ दिसत असतं आणि श्वास मात्र मिनिटाला ८ वर आलेला असतो. मॉर्फिन, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची औषधं मिळालेल्या पेशंटमध्ये हे विशेष जपा. तिथे आधी गुंगी वाढते, श्वास नंतर मंदावतो. बोलता बोलता डोळे मिटतात, हाक मारली की उघडतात, लगेच परत मिटतात, असं दिसलं तर पुढचा डोस थांबवा आणि लगेच सिस्टरांना सांगा. श्वास ८ किंवा त्याहून कमी असेल तर ती इमर्जन्सी आहे: जागं करत राहा, ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा, नॅलोक्सोन (या औषधांवरचा उतारा) ट्रेमधून काढून तयार ठेवा.

नाडी आणि बीपी: आकडा नाही, दिशा

मोजायचं किती वेळाने? अनेक ठिकाणी पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी, पुढचे दोन तास दर अर्ध्या तासाने, मग चार तास तासातासाला आणि त्यानंतर चार तासांनी अशी पद्धत असते. तुमच्या वॉर्डातली लेखी ऑर्डर वेगळी असेल तर ती पाळा. पेशंट बिघडतोय असं वाटलं तर ऑर्डरपेक्षा लवकर मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

बीपीचा कफ दंडाच्या मापाचा हवा. बारीक दंडावर मोठा कफ बांधला तर बीपी कमी येतं, जाड दंडावर लहान बांधला तर जास्त. सलाईन चालू असलेल्या हातावर शक्यतो मोजू नका.

आता सरावासाठी एक पेशंट घेऊ. समजा बेड सातवर ५० वर्षांचे काका आहेत, वजन ६० किलो, पोट उघडून आतड्याचं ऑपरेशन झालंय, ऑक्सिजन चालू नाही. चार वाजता नाडी ८८, बीपी १२४/७८, श्वास १६, सॅच्युरेशन ९८. पाच वाजता नाडी ९८, बीपी ११८/८०, श्वास १८, सॅच्युरेशन ९६. सहा वाजता नाडी ११२, बीपी ११२/८४, श्वास २२, सॅच्युरेशन ९५. काका पूर्ण जागे आहेत, ताप नाही, ‘जरा घाबरल्यासारखं होतंय’ म्हणतात.

सहा वाजताचं बीपी एकटं बघितलं तर काळजीचं काही नाही. पण वरच्या बीपीतून खालचं वजा करा: ४६, मग ३८, मग २८. हे अंतर आवळत चाललंय. नाडी तासाला दहा ते चौदा ठोक्यांनी चढतेय, श्वासही वाढतोय. ही आत कुठेतरी रक्त जात असल्याची चाल आहे. शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय वेगाने पळवून बीपी टिकवून धरतं. वरचं बीपी ठळकपणे खाली येतं तेव्हा साधारण ३० टक्क्यांच्या आसपास रक्त गेलेलं असू शकतं. बीपी पडायची वाट बघणं म्हणजे उशीर करणं. तरुण पेशंट तर जास्तच वेळ टिकवून धरतात आणि मग एकदम कोसळतात. उलट, हृदयासाठी बीटा ब्लॉकरची (नाडीचा वेग कमी ठेवणारी) गोळी चालू असलेल्या पेशंटची नाडी रक्तस्राव होत असतानाही चढत नाही. म्हणून जुन्या औषधांची यादी ओव्हर घेतानाच बघायची.

या आकड्यांना गुण देण्याची एक चांगली पद्धत आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘न्यूज’ नावाचा, बिघाडाचा लवकर इशारा देणारा गुणांक आणला आणि २०१७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. त्यात श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन चालू आहे की नाही, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप या सात गोष्टींना गुण मिळतात. बेड सातच्या काकांना चार वाजता शून्य गुण होते. पाच वाजता नाडीचा एक. सहा वाजता श्वास २२ म्हणून दोन, नाडी ११२ म्हणून दोन, सॅच्युरेशन ९५ म्हणून एक, बीपीचे शून्य, एकूण पाच. एकूण पाचला डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं असतं आणि सातला इमर्जन्सी समजायची. एखाद्या एकाच गोष्टीला तीन गुण मिळाले तरी लगेच कळवायचं असतं. तुमच्या रुग्णालयात हा तक्ता वापरत नसतील तरी त्याच्या सीमा माहीत असलेल्या बऱ्या: श्वास २५ किंवा अधिक, श्वास ८ किंवा कमी, सॅच्युरेशन ९१ किंवा कमी, वरचं बीपी ९० किंवा कमी, नाडी १३१ किंवा अधिक, नाडी ४० किंवा कमी, आणि नवा गोंधळ. यातलं काहीही दिसलं तर थांबू नका.

हाताला कळणाऱ्या गोष्टी कुठल्याच तक्त्यात नाहीत. तळवे गार आणि ओलसर आहेत का? नख दाबून सोडलं की गुलाबी रंग दोन सेकंदांत परत येतो का? खालच्या पापणीची आतली बाजू आणि जीभ पांढुरकी दिसते का? सावळ्या माणसाचा फिकटपणा चेहऱ्यावर शोधू नका, तो इथे दिसतो.

जखम, ड्रेन आणि अंगाखाली हात

ड्रेसिंगवर रक्ताचा डाग दिसला तर त्याच्या कडेने पेनने रेघ मारा आणि वेळ लिहा. अर्ध्या तासाने डाग रेघेबाहेर गेला की वाद उरत नाही. पहिलं ड्रेसिंग स्वतःहून उघडू नका, वरून गॉझचा थर द्या आणि कळवा. आणि दरवेळी हात पेशंटच्या अंगाखाली घालून बघा. रक्त उताराकडे वाहतं. वरून ड्रेसिंग कोरडं दिसतं आणि कमरेखाली चादर भिजलेली असते.

ड्रेनमध्ये किती आलं याइतकंच काय आलं हे महत्त्वाचं आहे. पहिल्या दिवशी लालसर पाणी येणं अपेक्षित असतं, हळूहळू ते फिकं व्हायला हवं. ताजं लाल रक्त, गरम पिशवी, गुठळ्या, हिरवट पित्तासारखं पाणी किंवा विष्ठेचा वास, यातलं काहीही तातडीने सांगायचं. चालू ड्रेन एकदम बंद झाला तर आनंद मानू नका, नळी गुठळीने तुंबली असेल.

पोट तपासताना क्रम वेगळा असतो: आधी बघायचं, मग स्टेथोस्कोपने ऐकायचं, हात शेवटी लावायचा. आधी दाबलं तर आतड्यांचे आवाज बदलतात आणि पेशंट दुखण्याने पोट ताठ धरतो. फुगत चाललेलं, टणक होत चाललेलं पोट हे कळवायचं लक्षण आहे. “गॅस पास झाला का?” हा प्रश्न लाजत विचारू नका, पेशंटलाही मोकळेपणाने सांगू द्या.

लघवी आणि सलाईनचा हिशोब

मूत्रपिंडाला रक्त पुरतंय की नाही हे लघवी सांगते. मोठ्या माणसाला दर किलोमागे तासाला किमान अर्धा मि.ली. लघवी व्हायला हवी. ६० किलोच्या काकांना तासाला ३० मि.ली. सलग दोन तास त्याहून कमी झाली तर कळवा, पण त्याआधी नळी दबली आहे का, पीळ पडलाय का ते बघा. युरोबॅग (लघवीची पिशवी) मूत्राशयाच्या पातळीखाली असावी आणि जमिनीला टेकू नये.

कॅथेटर नसलेल्या पेशंटला सहा ते आठ तासांत लघवी झाली का, हे आठवणीने विचारा. झाली नसेल तर ओटीपोटावर हात ठेवा. गोल, ताठ फुगवटा लागला आणि पेशंट तळमळत असेल तर मूत्राशय तुंबलंय. आधी आडोसा करा, पुरुष पेशंटना परवानगी असेल तर उभं राहू द्या, नळाचं पाणी सोडा. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

सलाईनचे थेंब अंदाजाने लावू नका. सेटच्या पाकिटावर एका मि.ली.चे किती थेंब ते छापलेलं असतं. १००० मि.ली. आठ तासांत द्यायचं म्हणजे तासाला १२५ मि.ली. २० थेंबांच्या सेटमध्ये तासाच्या मि.ली.ला तीनने भागा, मिनिटाला ४२ थेंब येतात. १५ थेंबांचा सेट असेल तर चारने भागा, ३१ थेंब. ६० थेंबांच्या मायक्रो सेटमध्ये तासाचे मि.ली. तेवढेच मिनिटाचे थेंब. लावल्यावर पूर्ण मिनिट मोजा. पेशंटने हात दुमडला की वेग बदलतो, म्हणून प्रत्येक फेरीत परत मोजा. बाटलीवर पट्टी चिकटवून तासाच्या खुणा केल्या की लांबूनही कळतं.

इनटेकमध्ये अँटिबायोटिकसोबत गेलेलं १०० मि.ली. सलाईनही धरायचं. आउटपुटमध्ये लघवीबरोबर ड्रेन, रायल्स ट्यूबचं पाणी आणि उलटी धरायची.

दुखणं किती? आण्यांत विचारा

शून्य ते दहाची पट्टी सगळ्यांना कळते असं नाही. गावाकडच्या आजोबांना ‘दहापैकी किती?’ विचारलं तर ते गप्प राहतात किंवा ‘लई’ म्हणतात. त्यांना विचारा, “रुपयात किती दुखतंय? चार आणे, आठ आणे, बारा आणे?” ते लगेच सांगतात. औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने परत विचारा, ‘आता किती आणे राहिलं?’ आणि दोन्ही उत्तरं लिहा.

पेशंट गप्प पडलाय म्हणजे दुखत नाही असं धरू नका. आपल्याकडे सोसणं चांगलं मानतात. खास करून बायका ‘नाही हो, एवढं नाही’ म्हणतात आणि मुठी आवळलेल्या असतात. पडून राहिल्यावर विचारू नका, खोकायला किंवा कूस बदलायला सांगा आणि तेव्हा विचारा. ऑपरेशनच्या प्रमाणाबाहेर दुखणं, औषधाने जराही न हलणारं दुखणं, हे औषध वाढवण्याआधी डॉक्टरांनी बघायचं लक्षण आहे.

स्पायनल दिलेला पेशंट

कमरेखालचा भाग बधिर असतो, म्हणून पायाशी गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका. नातेवाईक प्रेमाने ठेवतात, चटका बसलेला पेशंटला कळत नाही आणि संध्याकाळी फोड दिसतात. बीपी उतरू शकतं, ते आणि नाडी दोन्हींवर लक्ष ठेवा. दर फेरीत पायाची बोटं हलवायला, मग गुडघा दुमडायला सांगा आणि किती वाजता काय जमलं ते लिहा. बधिरपणा उतरायच्या ऐवजी वाढत असेल किंवा उतरलेला परत आला तर लगेच कळवा. उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येऊ शकते. पेशंटला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो लपवणार नाही.

साखर असलेला पेशंट

उपाशी पेशंटला इन्सुलिन देणं जोखमीचं आहे. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, बरळणं सुरू होतं. तोंडाने काही द्यायचं नसेल तर डॉक्टरांना कळवून ऑर्डरप्रमाणे शिरेतून डेक्स्ट्रोज द्यावं लागतं.

आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन ताकदी मिळतात, मि.ली.ला ४० युनिट आणि मि.ली.ला १०० युनिट. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर २० नाही, ५० युनिट जातात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या सिस्टरांना दाखवून मगच टोचा.

कळवायचं कसं

बेड सातकडे परत येऊ. विद्यार्थिनी म्हणून तुम्ही आधी ड्युटीवरच्या सिस्टरांना सांगाल. ‘सिस्टर, सातचे काका बरे वाटत नाहीत’ एवढ्यावर थांबू नका. चार भाग करा: आत्ता काय चाललंय, आधी काय झालंय, मला काय दिसलं, मला काय हवंय. अमेरिकेच्या नौदलात पाणबुड्यांवर वापरली जाणारी ही पद्धत पुढे तिथल्या रुग्णालयांनी उचलली. आपल्या भाषेत ती अशी होते:

“सिस्टर, बेड सातची नाडी दोन तासांत ८८ वरून ११२ झालीय. दुपारी आतड्याचं ऑपरेशन झालंय. श्वास २२, बीपी ११२/८४, अंतर कमी होत चाललंय. गेल्या तासात लघवी २० मि.ली. हात गार आहेत, पोट मघापेक्षा ताठ लागतंय. मला आत रक्तस्रावाची शंका वाटते. तुम्ही आत्ता बघायला या आणि सरांना फोन करूया.”

‘शंका वाटते’ म्हणायला घाबरू नका. निदान डॉक्टर करतील, शंका बोलून दाखवणं तुमचं काम आहे. डॉक्टर येईपर्यंत सिस्टरांच्या देखरेखीखाली पेशंटला आडवं ठेवा, ऑक्सिजन लावा, आयव्ही लाइन चालू आहे का बघा आणि दुसरी जाड लाइन घ्यायचं सामान काढा: हिरवी १८ नंबरची किंवा करडी १६ नंबरची. रक्तगट आणि क्रॉसमॅचच्या (चढवायचं रक्त जुळतं का या तपासणीच्या) नळ्या तयार ठेवा, तोंडाने काही देऊ नका, दर पाच मिनिटांनी मोजत राहा. फोनवर मिळालेली ऑर्डर परत वाचून दाखवा. डॉक्टर ‘बघतो’ म्हणाले आणि आले नाहीत, तर किती वाजता कळवलं ते लिहा, परत फोन करा आणि इन्चार्ज सिस्टरांमार्फत वरिष्ठांना सांगा.

लिहिताना ‘पेशंट बरा आहे’ असं लिहू नका. त्यातून रात्रपाळीच्या सिस्टरांना काहीच कळत नाही. ‘१८:०० वाजता पूर्ण जागे, घाबरल्यासारखं होतंय म्हणतात, हात गार’ असं जे दिसलं, ऐकलं तेच लिहा आणि ज्या वेळी केलं त्याच वेळी लिहा. पुढची फेरी आधीच भरून ठेवणं म्हणजे पेशंटचा इशारा स्वतःच्या हाताने पुसणं आहे.

नातेवाईकांना जोडीला घ्या

बेडजवळ बसलेली बायको किंवा मुलगा तुमच्यापेक्षा जास्त वेळ पेशंटकडे बघत असतो. त्यांना नुसतं ‘बाहेर थांबा’ म्हणण्यापेक्षा काय बघायचं ते सांगा. “मावशी, यांनी पाणी मागितलं तरी द्यायचं नाही, चहाचा घोटसुद्धा नाही. ओठ ओल्या कापसाने पुसा. सलाईनच्या चाकाला हात लावू नका. श्वास लागला, घाम फुटला, रक्त दिसलं किंवा हे काही भलतंच बोलायला लागले, तर मी कामात असले तरी हाक मारा.” कारण सांगितलं की लोक ऐकतात. पोटात गेलेलं पाणी उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, एवढं त्यांना साध्या शब्दांत समजतं. ‘यांचं काहीतरी बिनसलंय’ असं नातेवाईक म्हणाले तर आकडे चांगले असले तरी उठून जा.

पहिल्यांदा उठवताना

सर्जनची परवानगी असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंटला उठवायचं असतं. त्याआधी रात्रभर दर तासाला पावलं वर-खाली हलवायला सांगत राहा, पोटऱ्यांत रक्त साकळू नये म्हणून. एका पोटरीला सूज, दुखणं, ऊब जाणवली तर चोळू नका आणि चालवू नका, आधी कळवा.

उठवण्यापूर्वी दुखण्याच्या औषधाची वेळ जुळवून घ्या. आडवं असताना बीपी घ्या. मग कुशीवर वळवून, हाताने टेकू घेऊन बसवा, पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं थांबा आणि परत बीपी घ्या. वरचं बीपी २० ने उतरलं, चक्कर आली, चेहरा पांढरा पडला तर परत झोपवा. ठीक असेल तर मावशी एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला. ड्रेन आणि युरोबॅग हातात, जखमेच्या आणि मूत्राशयाच्या पातळीखाली. पहिल्या वेळी खुर्चीपर्यंत गेले तरी पुरे. परत बेडवर आल्यावर नाडी आणि श्वास मोजा, ड्रेसिंगवरची पेनची रेघ बघा, आणि किती पावलं चालले, चालताना किती आणे दुखलं, ते वेळेसह चार्टवर लिहा.